रेडिएटर, स्वयंचलित गिअरबॉक्सच्या मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनातील जादा उष्णता शीतक द्रवाच्या द्वारे बाहेरच्या हवेत टाकून देणाऱ्या उष्णता विनिमयकास रेडिएटर म्हणतात. हाताने गिअर बदलावयाच्या मोटारगाडीत त्याचे मुख्य काम एवढेच असते. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या पुष्कळ मोटारगाड्यांत मात्र गिअरबॉक्समधील तेल थंड करण्याचे कामही त्याच्याकडेच असते. म्हणून मूळ रेडिएटर निकामी झाल्यावर त्याच्या जागी अन्य उत्पादकाचा, बाजारात सुटा मिळणारा रेडिएटर बसविताना एंजिनाइतकाच गिअरबॉक्सचाही विचार करावा लागतो.

तेल तापण्याची कारणे : मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल मोटारगाड्यांत वापरला. नंतर प्रचारात आलेल्या गिअरबॉक्सांत एंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते. त्यात एंजिनाने फिरणारे चाक तेलाला गती देते व ते तेल समोरच्या चाकाला फिरविते. या दोन चाकांच्या वेगांत जितका फरक पडतो, तितकी शक्ती तेल घुसळण्यात खर्च होऊन तिची उष्णता बनते. घाट चढताना, जड ओझे ओढताना व खोळंबत चालणाऱ्या रहदारीत हा फरक मोठा असतो. हेच तेल वंगणाचे, दाबाने क्लच मिटविण्याचे व उष्णता वाहून नेण्याचे काम करते. त्याचे तापमान साधारणपणे ८० ते ९५° से. असणे इष्ट असते. त्यापुढे तापमानात सु. १०° से. वाढ झाली की, तेलाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

रचना : रेडिएटरमध्ये दोन टाक्या व त्यांना जोडणारा गाभा असतो. गाभा चपट्या नळ्या आणि त्यांमध्ये बसविलेल्या पातळ पत्र्याच्या पन्हळी पट्ट्या यांचा बनलेला असतो. पूर्वी तांबे व पितळ यांचे डाख देऊन जोडलेले रेडिएटर रूढ होते. १९७० नंतरच्या काळात ॲल्युमिनियमचा गाभा व प्लॅस्टिकच्या टाक्या यांचा प्रसार झाला. तेलाचा शीतक ही धातूची बंद नळी किंवा चपट्या पत्र्यांची चळत असून, शीतक द्रव जिच्यातून थंड होऊन बाहेर पडतो त्या टाकीत ती बुडालेली असते. तिची दोन टोके टाकीबाहेर काढून गिअरबॉक्सकडून येणाऱ्या व तिकडे जाणाऱ्या नळ्यांना जोडतात. या मांडणीमुळे थंड हवेत गाडी सुरू केल्यावर तेल लवकर ऊबदार होते, हाही एक लाभ आहे.

निवड : एकाच नमुन्याच्या गाडीसाठी हातगिअरचा व स्वयंचलित गिअरचा असे दोन वेगळे रेडिएटर मिळू शकतात. बाहेरून ते सारखे दिसले, तरी पहिल्यात तेलाची नळी नसते. म्हणून जुना व नवा रेडिएटर शेजारी ठेवून गाभ्याची उंची, रुंदी व जाडी, आधाराच्या खुंट्या, पंख्याच्या आवरणाची भोके, रबरी नळ्यांच्या तोंडांचे व्यास आणि तेलाच्या जोडांचे आटे पडताळतात. टोपणाचा दाबही ठरलेलाच असावा लागतो. वातावरणीय दाबापेक्षा सु. १ किग्रॅ./सेंमी.² अधिक दाबाखाली पाण्याचा उकळबिंदू सु. १२०° से. होतो. काही आधुनिक गाड्यांत तेलाचा शीतक गिअरबॉक्सवरच वेगळा बसविलेला असतो. भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून प्रसार पावलेल्या प्रकारात साधाच गिअरबॉक्स यंत्राकरवी चालविला जातो. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसल्याने रेडिएटरमध्ये तेलाच्या नळीची गरज नसते.

बसविण्याची पद्धती : एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टोपण काढून शीतक द्रव भांड्यात काढतात. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी असून चवीला गोड असल्याने जनावरांच्या पोटात जाण्याचा संभव असतो, म्हणून ते उघड्यावर सांडू देत नाहीत. तेलाचे जोड सोडविताना व आवळताना एका पान्याने टाकीवरचा जोड धरून दुसऱ्याने नट फिरवितात. तसे न केल्यास आतील नळी पिळवटून तिला चीर पडते. सुट्या नळ्यांची तोंडे धूळ जाऊ नये म्हणून बंद ठेवतात. रबरी नळी बदलावयाची झाल्यास ती गरम तेल व दाब सोसणाऱ्या जातीचीच घेतात. शीतक भरल्यावर एंजिन चालवून त्यातील हवा बाहेर काढतात. शेवटी सांडलेल्या तेलाची भर घालून, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानास व पद्धतीने त्याची पातळी तपासतात.

मिश्रणाचा धोका : आतील नळी फुटल्यास होणारी हानी बाहेरून दिसत नाही. एंजिन चालू असताना तेलाचा दाब सामान्यतः अधिक असल्याने तेल शीतकात शिरते. एंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब नाहीसा होतो. परंतु तापलेल्या शीतकाचा दाब काही काळ टिकतो व तो तेलात घुसतो. असे तेल दुधाळ गुलाबी दिसते. पाणी व ग्लायकॉल यांमुळे क्लचच्या तबकड्यांवरील कागदी अस्तर सुटते आणि संपूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो. निस्सान कंपनीच्या २००५ ते २०१० या काळातील पाथफाइंडर, एक्सटेरा व फ्रंटियर या गाड्यांच्या बाबतीत असे प्रकार घडून अमेरिकेत न्यायालयीन दावे झाले व कंपनीने रेडिएटरच्या हमीची मुदत वाढविली. हा धोका टाळण्यासाठी काही गाडीमालक हवेने थंड होणारा तेलशीतक वेगळा बसवितात. गिअरबॉक्स आधीच बिघडलेला असल्यास जुन्या शीतकात धातूचा चुरा अडकून राहतो. त्यामुळे तो धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा बदलणेच श्रेयस्कर ठरते.