सायकलला मोटर बसवलीय? अपग्रेड करण्याआधी हे गणित बघा

जुन्या सायकलला हब मोटरचं किट बसवून रोज कॉलेज-ऑफिस गाठता येतं. पण रेंज ठरते बॅटरीवर. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. थोडं पॅडल मारलं तर किलोमीटरला साधारण १५ वॉट-अवर लागतात, म्हणजे अंदाजे २४ किमी.

वेग वाढवायला बरेच जण ४८ व्होल्टची बॅटरी लावतात. घोळ इथेच होतो. कंट्रोलर आणि चार्जरही त्याच व्होल्टेजचे हवेत. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी साधारण ४२ व्होल्टला फुल होते, ४८ ची ५४.६ ला. चुकून मोठा चार्जर लहान बॅटरीला लावला, तर सेल ओव्हरचार्ज होऊन आग लागू शकते. म्हणून बीएमएस नसलेली बॅटरी घेऊच नका.

आणि कायदा? भारतात नोंदणी आणि लायसन्समधून सूट आहे ती २५० वॉटपेक्षा कमी पॉवर आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग असलेल्यांनाच. शिवाय सायकलचे ब्रेक साध्या वेगासाठी बनवलेले असतात.

मग करायचं काय? व्होल्ट तेच ठेवा, अँपिअर-अवर वाढवा. वेग तोच राहील, रेंज वाढेल. उरलेल्या पैशांत चांगले डिस्क ब्रेक बसवा.