फुकट, पण चोरीचं नाही!

शुद्धलेखन सांभाळून घ्या, मी कॉन्व्हेंटवाली! नेटवरचं फुकट पुस्तक म्हणजे चोरीचंच, असं मला वाटायचं. मग डेव्हिड मॅके यांचं इन्फर्मेशन थिअरीवरचं पुस्तक सापडलं. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं २००३ साली छापलेलं, तरी लेखकाच्या साइटवर मोफत. अट एकच: स्क्रीनवर वाचा, प्रिंट काढू नका. ‘ओपन ॲक्सेस’ याच्याही पुढे जातं. त्यात लायसन्सच कॉपी काढून वाटायची परवानगी देतं. झेरॉक्सवाल्याकडे बिनधास्त जा!

पण खर्च कोण करतं? काही प्रकाशक लेखकाकडूनच हजारो पौंड घेतात. म्हणजे वाचकाला दार उघडं, लेखकाला बंद. हे काही मला पटत नाही. केंब्रिजमध्येच २००८ साली सुरू झालेलं ‘ओपन बुक पब्लिशर्स’ अशी फी न लावता छापील प्रती विकून, लायब्ररींच्या वर्गणीवर आणि अनुदानांवर चालतं. आपल्या सरांनी उद्या पुस्तक लिहिलं, तर त्यांना असलाच प्रकाशक परवडेल ना?