कृत्तिका, पाऊस आणि बटाटे

पेरू आणि बोलिव्हिया या देशांतील अँडीज पर्वतात राहणारे शेतकरी बटाटे कधी लावायचे हे कृत्तिका पाहून ठरवतात. जूनच्या मध्यापासून २४ तारखेच्या सेंट जॉनच्या सणापर्यंत ते पहाटे उंचावर जातात आणि ईशान्येला क्षितिजालगत उगवलेला हा पुंजका निरखतात. तो मोठा आणि तेजस्वी दिसला तर पाऊस वेळेवर व भरपूर. अंधुक दिसला तर उशिरा आणि तुटपुंजा. मग लावणी चार ते सहा आठवडे पुढे जाते. बटाट्याची मुळे उथळ असतात. लावणीच्या सुमारास ओल मिळाली नाही तर पीक हातचे जाते, म्हणजे प्रश्न पोटाचाच आहे. (क्वेचुआ भाषेत कृत्तिकांचे एक नाव ‘कोल्का’, म्हणजे कोठार, असे आहे.) सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका क्वेचुआ हस्तलिखितातही हा ठोकताळा सापडतो.

चारशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्यांचा पावसाशी काय संबंध, असे म्हणून आम्ही वैज्ञानिक मंडळी एरवी हा विषय तिथेच संपवतो. पण तारे बदलत नसतील, तर मधली हवा बदलत असेल का? मानववंशशास्त्रज्ञ बेंजामिन ऑर्लोव्ह आणि हवामानाचे अभ्यासक जॉन चियांग व मार्क केन यांनी उपग्रहांच्या नोंदी तपासल्या. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये तिथल्या आकाशात खूप उंचावर विरळ ढग अधिक असतात, असे त्यांना आढळले. हे ढग नुसत्या डोळ्यांना जाणवतही नाहीत. मात्र क्षितिजालगतच्या ताऱ्याचा प्रकाश तिरका येतो, त्याला या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो, आणि पुंजक्यातले मंद तारे आधी दिसेनासे होतात. आणि तोच एल निनो पुढे ऑक्टोबर ते मार्च या काळातला पाऊसही घटवतो! हे संशोधन जानेवारी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

ठोकताळा दरवर्षी खरा ठरतो असे नाही, आणि तो तिथल्या डोंगरांपुरताच आहे. आपल्या मृगाच्या पावसाला तो लावता येणार नाही. पण उपग्रहांच्या नोंदींत नेमके काय शोधायचे, हे या शेतकऱ्यांमुळेच कळले.

मंद तारे आधी नाहीसे होतात, हे वर्गाला मात्र सहज पडताळता येईल. हिवाळ्यात कृत्तिका डोक्यावर असताना आणि पुन्हा त्या मावळतीला टेकल्यावर मुलांना तारे मोजायला सांगावेत. गावातली आणि शहरातली संख्या शेजारी शेजारी मांडली, तर धूर आणि दिव्यांचा उजेड यांच्याविषयीही बोलता येईल.