रस्ता चुकू लागतो तेव्हा

अल्झायमर म्हटलं की विसरलेली नावं आठवतात. पण अनेकदा आधी चुकतो तो ओळखीचा रस्ता, आणि घरची मंडळी 'वय झालं' म्हणून ते सोडून देतात. तसं सोडून देऊ नये.

त्याचं कारण मेंदूतल्या दिशा ओळखणाऱ्या पेशींमध्ये आहे. शास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ठराविक जागी गेल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाला शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये ग्रिड पेशी आढळल्या. उंदीर मोकळ्या पेटीत फिरताना अशी एक पेशी जिथं जिथं चेतते, ते बिंदू मांडले की समभुज त्रिकोणांची सुबक जाळी उमटते. किती चाललो, कुठं वळलो, याचा हिशेब मेंदू या जाळीच्या आधारे ठेवतो, असं मानतात. तिघांनाही २०१४ चं नोबेल मिळालं.

दुर्दैवानं अल्झायमरमध्ये टाउ प्रथिनाचे गुंते सुरुवातीला धरतात ते याच एन्टोरायनल परिसरात. टाउ साचणाऱ्या उंदरांमध्ये ही जाळी विस्कटलेली दिसते.

माणसांवरचा जर्मनीतला २०१५ चा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ जनुक असलेल्या धडधाकट तरुणांना संगणकावरच्या आभासी मैदानात वस्तूंच्या जागा लक्षात ठेवायला सांगितल्या. त्यांच्या स्कॅनमध्ये ग्रिड पेशींचा संकेत क्षीण होता. ते मैदानाच्या मध्यातून कमी, कडेकडेनं जास्त फिरत. तरी उत्तरं इतरांइतकीच बरोबर! हिप्पोकॅम्पस जादा काम करून उणीव भरून काढत असावा. हे जनुक असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. पण लवकर निदानासाठी दिशाज्ञानाच्या अशा चाचण्या आता तपासल्या जात आहेत.