घरगुती तैलज्वलित बॉयलर : देखभाल आणि दोषनिदान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात, म्हणजे मेन, व्हरमाँट, न्यू हँपशायर, मॅसॅच्युसेट्स आदी राज्यांत, हिवाळ्यातील कित्येक रात्री तापमान शून्याखाली बरेच उतरते. त्या प्रदेशातील असंख्य घरे आजही तळघरात तेल जाळून उबविली जातात. अशा घरातील बॉयलर कडाक्याच्या थंडीत दिवसभर बंद राहिला, तर भिंतींतील नळांत पाणी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळ फुटतात. परंतु बॉयलर बंद पडणे हा धोक्याचा एक प्रकार झाला. बिघडलेल्या स्थितीत तो चालू राहणे हा दुसरा प्रकार असून तो अधिक घातक होय. कारण अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. म्हणून या यंत्राच्या देखभालीचा विचार केवळ इंधनबचतीच्या दृष्टीने करणे अपुरे ठरते.

रचना व कार्य

‘बॉयलर’ हे नाव येथे काहीसे फसवे आहे. बहुतेक घरांत पाणी उकळले जात नाही. ते सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पंपाने खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरविले जाते आणि थंड होऊन परत येते. महाराष्ट्रातील घरांत पूर्वी न्हाणीघरात असणारा तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणल्यास तत्त्व लक्षात येते: मध्ये अग्नी, भोवती पाणी, वर धूर जाण्याची नळी. फरक इतकाच की, येथे अग्नी आपोआप पेटतो, आपोआप विझतो आणि त्याच्यावर पाळत ठेवण्याचे कामही यंत्राकडेच सोपविलेले असते.

या अग्नीचे इंधन डीझेलशी जवळचे नाते असलेले तेल होय. त्याच्या एका लिटरातून सुमारे ३८ मेगाजूल उष्णता मिळते. हे तेल द्रवरूपात नीट जळत नाही. म्हणून पंपाने त्यावर दाब देऊन ते नोझलच्या सूक्ष्म छिद्रातून तुषाररूपाने उडविले जाते. पंख्याने आलेली हवा त्या तुषारांत घुसळली जाते आणि दोन विद्युत्-अग्रांमधील ठिणगीने मिश्रण पेटते. जुन्या रोहित्रांतून या ठिणगीसाठी सुमारे १०,००० व्होल्टचा दाब मिळत असे. नव्या इलेक्ट्रॉनिक साधनांत तो याहून अधिक असतो.

नोझलवर कोरलेला आकडा १०० पौंड प्रतिचौरस इंच दाबाखाली ताशी किती गॅलन तेल जाईल ते सांगतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ०·८५ आकड्याचे नोझल १४० पौंडांच्या दाबावर ताशी सुमारे १ गॅलन, म्हणजे ३·८ लिटर, तेल सोडते. त्याची उष्णता सुमारे ४० किलोवॅट भरते. नोझल बदलताना पंपाचा दाब न पाहणारा कारागीर बॉयलरला नकळत जास्त किंवा कमी इंधन देऊन बसतो, तो यामुळेच.

नोझलसंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रॉकेलच्या स्टोव्हचे छिद्र तुंबले की पिन फिरवून ते मोकळे करावे, ही सवय आपल्याकडे घरोघर होती. त्या स्टोव्हमध्ये तेलाची वाफ होऊनच ते छिद्रातून बाहेर पडते, त्यामुळे पिनेने फारसे बिघडत नाही. बॉयलरच्या नोझलमधून मात्र द्रव तेल वेगाने गरगरत बाहेर पडते, आणि तुषारांचा कोन व आकार छिद्राच्या कडेच्या अचूकपणावर अवलंबून असतो. तेथे पिन घातल्यास सूक्ष्म ओरखड्यानेही ज्योत एका अंगाला कलते. नोझल म्हणून स्वच्छ करावयाचे नसते, दरवर्षी बदलावयाचे असते.

ज्वलनाची कसोटी

ज्योत ‘चांगली दिसते’ हा निकष अनुभवी कारागिरालाही चकवितो. ज्वलनाची परीक्षा धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंवरूनच करावी लागते. त्यासाठी चार मापने पुरेशी होतात: ओढ, धुराचा अंक, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि वायूंचे तापमान. हातपंपाने ठरावीक वायू गाळणकागदातून ओढला असता कागदावर जो डाग उमटतो, तो ० ते ९ अशा श्रेणीशी ताडून धुराचा अंक ठरवितात. हा अंक शून्य किंवा जेमतेम डाग इतकाच असावा. ज्वलनकक्षातील ओढ पाण्याच्या स्तंभाच्या एका इंचाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे ५ पास्कलच्या आसपास असते. इतक्या अल्प दाबफरकावर सारा कारभार चालतो, हे लक्षात घेतल्यास धुराड्यातील सैल सांध्याचे महत्त्व कळते.

हवा आवश्यकतेपेक्षा किंचितही अधिक नसती, तर या तेलापासून कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे १५·५ टक्के आले असते. प्रत्यक्षात काही जादा हवा द्यावीच लागते आणि सुस्थितीतील बर्नरमध्ये ते ११ ते १३ टक्के येते. धुराड्यावाटे होणारी उष्णताहानी पुढील सूत्राने काढता येते. ही हानी निव्वळ उष्मांकाच्या टक्केवारीत असते:

हानी = तापमानांतर × (०·५० ÷ कार्बन डायऑक्साइड टक्के + ०·००७)

येथे तापमानांतर म्हणजे धूरवायू व ज्वलनासाठी आत येणारी हवा यांच्या तापमानांतील फरक, सेल्सिअस अंशांत. हा फरक १८० आणि कार्बन डायऑक्साइड १२ टक्के असल्यास हानी ८·८ टक्के येते. तापमानांतर तेच धरून कार्बन डायऑक्साइड ८ टक्क्यांवर उतरला, तर ती १२·५ टक्के होते. उलट प्रमाण १२ टक्केच राहून काजळीच्या थरामुळे उष्णता पाण्यात न उतरल्याने तापमानांतर २६० झाले, तर हानी १२·७ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे जादा हवा आणि काजळी ही दोन परस्परविरोधी कारणे जवळजवळ सारखीच नासाडी करतात. धूर दिसला की हवेची झडप उघडून मोकळे होणारा कारागीर पहिल्या दोषावर दुसऱ्याचे पांघरूण घालतो. धूर नोझल झिजल्याने, पंख्याच्या पात्यांवर धूळ बसल्याने किंवा ओढ मंदावल्याने येत असेल, तर प्रथम ते कारण दूर करावयास हवे. हवेची जुळणी त्यानंतर.

हवेविषयी आणखी एक इशारा आवश्यक आहे. एक लिटर तेल जाळण्यास किमान १० घनमीटर हवा लागते. ऊब टिकविण्यासाठी घरांच्या फटी जसजशा बुजविल्या जातात, तसतशी तळघरातील बर्नरची हवाही तुटते. त्यातच कपडे सुकविण्याचे यंत्र किंवा स्वयंपाकघरातील पंखा घरातील हवा बाहेर फेकू लागला की, धुराड्याची ओढ उलटून धूरवायू घरात शिरण्याचा संभव असतो. म्हणून ओढीचे मापन अशी सर्व यंत्रे चालू ठेवूनच करणे योग्य होय.

दोषनिदान

बर्नर सुरू होण्याची क्रिया ही साखळीसारखी आहे. खोलीतील तापनियंत्रक मागणी करतो, नियंत्रक मोटर चालू करतो, एकाच मोटरवर पंखा व पंप फिरू लागतात, ठिणगी पडते, तेल उडते, ज्योत पेटते, आणि कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदी घट ती ‘पाहतो’. ठरावीक अवधीत, म्हणजे साधारणतः १५ ते ४५ सेकंदांत, घटाला ज्योत दिसली नाही, तर नियंत्रक बर्नर बंद करून कुलूप लावतो. साखळी कोठे तुटली हे निश्चित करणे म्हणजेच निदानाचे निम्मे काम.

मोटरच फिरत नसल्यास दोष विजेकडे, तापनियंत्रकाकडे किंवा तापमर्यादा राखणाऱ्या स्विचाकडे शोधावा. जिन्याच्या तोंडाशी असलेला आणीबाणीचा स्विच कोणी दिवा समजून बंद केलेला असणे, ही घटना अपवादात्मक नाही. मोटर फिरते पण ज्योत पेटत नाही, असे असल्यास तेल व ठिणगी यांपैकी एक गैरहजर आहे. टाकीत तेल आहे काय, हे सर्वांत आधी पाहावे. त्यानंतर गाळणी, आणि पंपावर दाबमापक व निर्वातमापक. शोषणनळीतील निर्वात वाजवीपेक्षा जास्त असल्यास मार्गात अडथळा आहे, तर निर्वात कमी असून तेल फेसाळ येत असल्यास कोठेतरी हवा आत शिरते आहे. हीच हवा नळीत दबून राहिली की बर्नर थांबल्यावरही नोझलमधून थेंब गळत राहतात, आणि तळघरात तेलाचा वास व काजळी यांचा उगम होतो.

ज्योत व्यवस्थित पेटूनही ठरलेल्या अवधीनंतर बर्नर बंद पडत असेल, तर दोष अग्नीत नसून डोळ्यात आहे. घटाचा विद्युत्-रोध उजेडात सुमारे ३०० ते १,००० ओहम असावा. तो १,६०० च्या वर गेल्यास घट मळलेला, तिरपा किंवा निकामी आहे असे समजावे. मात्र घट मळला तो कशाने, हा प्रश्न उरतोच. काच काजळीने झाकली असेल, तर ती पुसणे हे लक्षणाचे उपचार झाले. रोग ज्वलनातच आहे.

बाहेर ठेवलेल्या टाकीचे दोष थंडीबरोबर येतात. तेल थंड झाले की दाट होते आणि तुषार जाड पडतात. नवल असे की, दाट तेल नोझलमधून कमी न जाता अधिक जाते. कारण छिद्रात गरगरणाऱ्या तेलाच्या मध्यभागी असलेली हवेची पोकळी आकसते. त्यामुळे जाड तुषार आणि जादा तेल यांची गाठ पडून धूर वाढतो. अतिथंडीत तेलातील मेण गोठून गाळणीही तुंबते. अशा टाकीत रॉकेल मिसळण्याची पद्धत त्यासाठीच पडली आहे.

कुलूप उघडण्याचे बटण हे या यंत्रातील सर्वांत धोक्याचे अंग होय. प्रत्येक वेळी ते दाबले की न पेटलेले तेल ज्वलनकक्षात साचते. पाच-सहा प्रयत्नांनंतर ठिणगी पडली, तर साचलेले सर्व तेल एकदम भडकते, धुराड्याची नळी सांध्यातून निखळते आणि घरभर काजळी पसरते. प्रसंगी आग लागते. म्हणून गृहस्थाने ते बटण एकदाच दाबावे. बर्नर पुन्हा थांबल्यास जाणत्या कारागिराला बोलवावे, आणि आपण किती वेळा बटण दाबले ते त्याला न लपवता सांगावे.

पाण्याची बाजू

बर्नर निर्दोष असूनही खोल्या थंड राहत असतील, तर अभिसरणाचा पंप थांबला आहे किंवा रेडिएटरांत हवा अडकली आहे. पाण्याचा दाब थंड स्थितीत सुमारे १२ पौंड असतो. दुमजली घरात पाणी वरपर्यंत चढण्यास तो पुरतो. सुरक्षा-झडप ३० पौंडांवर उघडते. पाणी १० पासून ८० अंशांपर्यंत तापले असता सुमारे ३ टक्क्यांनी प्रसरण पावते, आणि ही वाढ प्रसरण-टाकीतील हवेची उशी सामावून घेते. ती हवा निघून गेली की दर तापण्यागणिक सुरक्षा-झडप गळू लागते. झडप बदलल्याने हा दोष जात नाही. झडपेला बूच मारणे तर स्फोटाला आमंत्रण होय. गळणारी झडप येथे आरोपी नसून साक्षीदार आहे.

परत येणारे पाणी फार थंड, म्हणजे साधारणतः ५५ अंशांच्या खाली दीर्घकाळ राहिल्यास साध्या बॉयलरमध्ये धूरवायूंतील बाष्प लोखंडावर सांद्रित होते आणि तेलातील गंधकामुळे आम्लयुक्त होऊन ते कुरतडते. न्यूयॉर्क राज्याने २०१२ मध्ये व न्यू इंग्लंडमधील राज्यांनी २०१८ मध्ये तेलातील गंधकाची मर्यादा दशलक्षांश १५ भागांवर आणली. त्यामुळे उष्णता-विनिमयाच्या पृष्ठांवर साचणारा गंधकजन्य मळ पुष्कळ घटला. वार्षिक तपासणीची आवश्यकता मात्र संपली नाही.

या तपासणीचा क्रम आता सहज मांडता येतो. प्रथम जसे आहे तसे मापन, मग पृष्ठे व धुराडे यांची सफाई, नोझल व गाळणी बदलणे, विद्युत्-अग्रांतील अंतर जुळविणे, दाब तपासणे, आणि अखेरीस पुन्हा मापन. गृहस्थाच्या वाट्याला टाकीतील तेलावर नजर ठेवणे, बॉयलरभोवती ज्वालाग्राही वस्तू न ठेवणे आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत राखणे ही कामे येतात. दोन्ही वेळची मापने तारखेसह एका कार्डावर लिहून ते बॉयलरपाशी टांगून ठेवण्याची प्रथा आहे. धूरवायूंचे तापमान गेल्या वर्षीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वाढलेले दिसले, तर काजळी डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ते कार्ड तिची वार्ता देते.