वणवा लागण्याआधीच!

बालमित्रांनो, उन्हाळ्यात निलंग्याच्या आसपासच्या माळावर कधी गेलात का? वाळलेलं गवत कसं कुरकुरतं! कुणी जळकी बिडी टाकली किंवा बांध पेटवला, की वाऱ्याने भडका उडालाच म्हणून समजा. गुरांचा चारा जातो. तितराची तर अंडीच जमिनीवर; ती पळणार कुठे?

मग वणवा कुठे लागेल हे आधी कळतं का? नेमकं नाही, पण धोका ओळखता येतो बरं का! डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने देशाच्या नकाशावर ५ कि.मी. लांब-रुंद चौकोन आखले. २००४ ते २०१७ मध्ये उपग्रहांनी टिपलेल्या आगी त्यात मांडल्या. जिथे पुन्हापुन्हा आग, तो चौकोन जास्त धोक्याचा. २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनाला वारंवार आगीचा धोका आहे! अशा नकाशावरून पहारा कुठे ठेवायचा, गवत काढून जाळरेषा कुठे आखायची, हे ठरवता येतं.

लातूर जिल्ह्यात जंगल फार थोडं. पण आपल्या माळाचा नकाशा तुम्हीच काढा की! वाळलं गवत कुठे? पाचट कुठे जाळतात? चढ कुठे? (चढावर आग जोरात धावते.) पाणी किती लांब? धोक्याच्या जागा तांबड्या रंगवा आणि घरी, शाळेत दाखवा.

आग दिसली तर मात्र विझवायला धावू नका हं! आधी मोठ्यांना हाक मारा.