जाम बोल्ट आणि आमची घाई



उसाच्या सदरात गाडीची दुरुस्ती कशाला, असे कोणी म्हणेल. पण गळीत हंगाम तोंडावर आला की तुमच्या-आमच्या जीपा, टेंपो रोज शिवारात धावतात. म्हणून हा अनुभव.

पावसाळ्यानंतर आम्ही ऊस विकास विभागाचे चौघे जुन्या जीपने मुंबईस गेलो होतो. घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, मागच्या चाकाकडे खडखड सुरू झाली. जवळच्या गॅरेजात गाडी लावली. अशा जीपा एकेकाळी कांदिवलीला महिंद्रच्या कारखान्यात बनत. मिस्त्रींना त्यांची नस न् नस ठाऊक. खाली वाकून म्हणाले, "साहेब, पाट्याचा शॅकल बोल्ट गेलाय."

नट निघाला, बोल्ट हलेना. रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीशी तो गंजून एकजीव झालेला. आमचा ड्रायव्हर घण घेऊन सरसावला. मिस्त्रींनी हात धरला. "टोक फुललं की जन्मात निघायचा नाही!"

त्यांनी चाकांना ओंडके लावले, चासी घोडीवर टेकवली आणि आसाखाली जॅक देऊन पाट्याचा ताण उतरवला. तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंजतेल सोडले व रात्रभर मुरू दिले. सकाळी टोकावर नट बसवून हलके ठोके दिले. तरी हटेना, तेव्हा बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीने बोल्ट कापला. बुश गेला, पण पाट्याचा डोळा शाबूत राहिला.

तुकडा हातात घेतला आणि आम्ही गप्प झालो. मधोमध झिजून तो निम्मा उरला होता. कसारा घाटात तुटता तर? चूक आमचीच. मागे गावात मिळाला तो साधा बोल्ट आम्हीच बसवला होता. वर त्याच जीपमधून पोटॅशची पोती वाहिली. या खताने लोखंड लवकर गंजते.

नवा बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा पाहा. ८.८ असेल तर तो ४.६ च्या साध्या बोल्टाच्या दुप्पट ताण सोसतो. जाडी, लांबी, आटे जुन्या मूळ बोल्टाप्रमाणेच हवेत. बुशही नवा घाला, बोल्टाला ग्रीसचा हात द्या. नट आधी हाताने लावा. गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचा आवळा, नाहीतर रबर पिळून फाटते. जुना बोल्ट वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये.

खोडवा जपायचा तर बुडखे वेळेवर छाटावे लागतात, गाडीचेही तसेच. हंगामापूर्वी सर्वांनी पाट्यांचे बोल्ट तपासून घ्यावेत, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी